भोकाभोकांचं बीळ

फार मागं, एका बांधाखाली धुरपी उंदरीण आणि तिची पोरं राहायची. शेजारची पिल्लं घुशीच्या शाळेत जात, ही मात्र दिवसभर घरच उकरत बसत. एकदा ठकूआत्या आली आणि दारातच हबकली.

"अगं धुरपे, हे घर म्हणायचं की चाळण? पोरांना शाळेत घाल!"

"खेळतायत हो वन्सं, खेळू द्या."

एवढ्यात दारातून साप आत घुसला.

"आत्या, इकडून!" म्हणत पोरांनी तिला या भोकातून त्या भोकात ओढत वर उन्हात काढलं. धुरपीही मागोमाग निघाली. साप आत शोधतच राहिला.

आत्या धापा टाकत म्हणाली, "पोरांनो, आधी माझ्या घरी चला. माझ्या बिळाला एकच दार आहे रे!"

पोरं नाचत गेली. त्या घराण्यात पुढं कधी कुणी सापाच्या तोंडी पडलं नाही.