हत्तीशेठांचा सत्कार

डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळातली ही गोष्ट. एका पठारावर सात वर्षांतून एकदा कारवी फुलायची आणि ते जांभळं रान बघायला लांबलांबची जनावरं यायची. पठाराचा पुढारी होता हुप्पाजी वानर. एवढे पाहुणे येतात, तर एखाद्या बड्या असामीनं इथं भांडवल घालून निवारे, पाणवठे बांधावेत, असं त्याच्या मनानं घेतलं. ऐन बहरात त्यानं हत्तीशेठांना आवतण धाडलं.

शेठ यायचे म्हणजे सत्कार हवाच! कमान झाली, पायघड्या झाल्या, हार ओवायला घेतले. फुलं अर्थात पठारावरचीच.

“अरे, मग त्यांना दाखवणार काय?” म्हातारी साळिंदर आक्का म्हणाली.

“आक्का, मोठ्यांची रीत तुला काय ठाऊक?” हुप्पाजी खेकसला. त्याच्या तर प्रत्येक मेव्हण्याला शेठना वेगळा हार घालायचा होता.

शेठ आले. भाषणं लांबली. हारांच्या ढिगातून शेठचे नुसते डोळे दिसत होते.

“सगळं झकास,” शेवटी शेठ म्हणाले, “पण ती फुलं कुठंयत?”

पठारावर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. हुप्पाजीनं हात जोडले. “साहेब, आपल्या गळ्यात.”

शेठनी एकेक हार सोंडेनं काढून शांतपणे खाल्ला आणि ते आल्या वाटेनं परत गेले.

“बघितलंस, आक्का?” हुप्पाजी छाती फुगवून म्हणाला. “शेठनी एकही हार वाया घालवला नाही!”