यादीबाहेरचे नऊ

"आणि यादीत नसलेले किती?"

हुद्दार सर असं काही विचारतील, हे शाल्मलीच्या ध्यानीमनी नव्हतं. कौतुक ऐकायला ती कान टवकारून बसली होती.

त्या लहानशा कंपनीत सरांची बावीस वर्षं गेलेली. शाल्मलीला कोड लिहायला त्यांनीच शिकवलं. विनंती आली की आपोआप उत्तर देणारा कुठला एपीआय प्रकल्प कुठे आहे, हे सगळं सरांच्या डोक्यात; जो तो त्यांनाच विचारायचा. तीन महिने खपून शाल्मलीने त्यावर साधन बनवलं. कोड एडिटर उघडला, की डाव्या बाजूला सगळ्या प्रकल्पांची यादी हजर.

"आता तुम्हाला कुणी विचारायला यायला नको," ती मघाशीच ऐटीत म्हणाली होती.

"सांग ना, किती?"

"नऊ. दोन वर्षांत ज्यांना कुणी हातही लावला नाही, ते गाळले. मेलेलेच आहेत, सर. सोमवारी सर्व्हरवरूनही काढून टाकते."

"मेलेले..."

सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"त्यातला 'काठ' उघड."

तिने उघडला. जुना कोड. जबाबदार म्हणून कुणाचंच नाव नाही.

"विचार त्याला, आहेस का म्हणून."

तिने विनंती पाठवली. बोट उचलायच्या आत उत्तर आलं: सज्ज. गावे २३. फोन ४११०८.

"कुणाचे फोन?"

"नदीकाठच्या लोकांचे. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं, की हा सगळ्यांना एकदम कळवतो."

शाल्मलीचे कान तापले. सोमवार परवावर आला होता.

"पण सर, आजवर एकदाही..."

"नाही. एकदाही नाही."

...

प्रकल्प गाळणारी कोडमधली ओळ तिने स्वतःच पुसली. नऊच्या नऊ यादीत आले.

'काठ'समोर 'शेवटचा वापर' हा रकाना तेवढा रिकामा होता.

"इथे काय लिहू, सर? 'कधीच नाही' लिहिलं, तर बिनकामाचा असल्यासारखं दिसतं."

सर उठले. चष्मा पुसून खिशात ठेवला.

"'कधीच नाही' असंच लिही," ते म्हणाले. "आणि ठळक अक्षरांत लिही."