निव्वळ पांढरी फांदी

"आता आणखी काय कमी आहे माझ्यात, बुवा?"

विश्वंभरनं विचारलं. विचारताना मान झुकवली होती. आवाज मात्र झुकला नव्हता.

दामूबुवा तगरीच्या बुंध्याशी बसून ओल्या फडक्यानं पानं पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"अकरा वर्षं झाली मला इथं. सोनवडीचे लोक नवा मठ बांधून बसलेत. तुमच्या एका शब्दावाचून अडलंय."

"मग फांदी निवड," बुवा म्हणाले.

टेकडीवरच्या त्या मठाची ही जुनी रीत. ज्याला दुसरीकडे मठ सांभाळायला पाठवायचं, त्यानं या तगरीची एक फांदी तोडून लावायची. तिला नवं पान फुटलं, की निघायचं. पान नाही, तर जाणंही नाही.

विश्वंभर मनातल्या मनात हसला. ही काय परीक्षा? तगर तर कुठंही खोचा, जगते. आणि त्याची फांदी कधीचीच ठरलेली होती.

तगर साधी नव्हती. बारा महिने पानांनी भरलेली आणि पानापानावर पांढरे पट्टे. दर्शनाला आलेली माणसं देवाआधी तिच्यापाशीच थबकत. पण अशा झाडाची एक खोड असते. मधूनच निव्वळ हिरवा फुटवा येतो, धटिंगणासारखा वाढतो आणि बघता बघता सगळं झाड हिरवंगार करून टाकतो. तो बुडापासून काढावा लागतो.

तीन वर्षांपूर्वी बुवांनी हे काम विश्वंभरला दिलं, आणि त्यानं ते असं मनावर घेतलं की विचारू नका. आधी हिरवे फुटवे गेले. मग ज्यांत हिरवं जास्त, त्या फांद्या गेल्या. मग ज्यांत हिरवं बऱ्यापैकी, त्याही. शेवटी वाटेच्या बाजूला एक फांदी अशी उभी राहिली, की दुधात बुडवून काढावी. हिरवं औषधालाही नाही.

या तीन वर्षांत त्यानं स्वतःचीही बरीच छाटणी केली होती. आधी झाडलोट सोडली. मग पाणी भरणं. मग पंगतीत बसणं. चार माणसांत बसलं की मन गढूळ होतं, असं त्याचं म्हणणं. त्याचं ताट खोलीवर जाई. मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या भागीरथीबाई ते दोन वेळा झाकून नेत आणि रिकामं परत आणत.

"ही," विश्वंभरनं पांढऱ्या फांदीवर बोट ठेवलं. "एक ठिपका दाखवा हिरवा."

"नाही दिसत," बुवा म्हणाले.

"तीन वर्षं लागली, बुवा."

"हो..."

त्यानं फांदी तोडली. माती दोनदा चाळली, नवी कुंडी आणली, ओसरीच्या सावलीत ठेवली. येणाराजाणारा पाहील, अशा बेतानं.

आठव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या.

भागीरथीबाई ताट घेऊन आल्या, कुंडीपाशी थांबल्या.

"दादा, चार हिरवी पानं असलेली घ्यायची होती हो. निव्वळ पांढरीला स्वतःचं अन्न करता येत नाही. झाडावर होती तोवर बाकीची पानं तिला पोसत होती. आता कोण नेऊन देणार तिला ताट?"

विश्वंभरनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कुंडीनंच तोंड उघडलं असावं.

"बाई," तो म्हणाला, "तुमची आमटी करपेल."

"ती नाही करपत," बाई म्हणाल्या, आणि ताट ठेवून गेल्या.

महिना भरला. सोनवडीची चार माणसं जीप घेऊन आली, ओसरीवर टेकली. त्यांच्याशेजारीच कुंडी होती. कुंडीत एक काळी काडी.

विश्वंभर बुवांपुढे जाऊन उभा राहिला.

"बुवा, माती चाळली होती. सावली होती. पाणी रोज माझ्या हातानं..."

"कुणी काही सांगितलं नाही?"

"भागीरथीबाई म्हणाल्या होत्या. हिरवं असायला हवं होतं म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

विश्वंभरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा वर्षांत इतकं लहान वाक्य त्याला इतकं जड गेलं नव्हतं.

"आमटीकडे बघा म्हणालो."

बुवा उठले. स्वयंपाकघराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. विश्वंभर त्यांच्या मागून गेला. या बाजूला तो किती वर्षांनी येत होता, त्यालाही आठवेना.

मोरीच्या तोंडाशी तेलाचा एक गंजका डबा होता. डब्यात वीतभर तगर. अर्धं हिरवं, अर्धं पांढरं पान, आणि शेंड्याला बोटाच्या पेराएवढं नवं.

विश्वंभर खाली वाकला. काडीच्या एका छाटलेल्या फाट्यावर तिरका काप होता. तो काप त्याच्याच कोयत्याचा. ही त्यानंच तोडून टाकलेली.

"बाई," बुवांनी हाक मारली, "ही कुणी लावली?"

भागीरथीबाई एका हातात पळी, दुसरा हात पदराला पुसत दारात आल्या.

"मीच. फेकायला नेत होते, पण फेकवेना. म्हटलं, भांड्यांचं पाणी तर वायाच जातंय... राहू द्यायची नव्हती का?"

बुवा त्या कोवळ्या पानाकडे पाहत राहिले. आत भाताला कढ येत होता. ओसरीवरून कुणीतरी खाकरलं. जीपवाल्यांना भूक लागली असावी.

विश्वंभर उठून उभा राहिला.

"बुवा... सोनवडीच्या लोकांना काय सांगू?"

बुवांनी बाईंच्या हातातली पळी घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"तू वाढायला घे. बाईंना निघायचंय."