करंगळीएवढा घोडा

या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या. हं, आता ऐका.

एका राजाला सुट्टी हवी झाली. राजालाही सुट्टी लागते, बरं का! मग तो समुद्रकाठी राहायला गेला. बरोबर लाडकी लेक कुमुद होती, पाहुणेमंडळी होती, दहा उमदे घोडे होते आणि त्या घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा रखमाजी होता. कुमुदला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं ते त्यानेच.

पहिल्याच दिवशी राजा पाहुण्यांपुढे आपल्या घोड्यांचं कौतुक करत बसला. तेव्हा रखमाजी सहज बोलून गेला, "महाराज, या पाण्यातही घोडा असतो. करंगळीएवढा. त्याची पिल्लं आई नाही, बाप पोटात वागवतो. लहानपणी मी पाहिलाय."

पाहुणे खो खो हसले. राजाला वाटलं, म्हाताऱ्याने चारचौघांत आपली शोभा केली. तो लालबुंद झाला.

"माझ्यापुढे थापा? तीन दिवसांत घोडा दाखव, नाहीतर तबेला सोडून चालता हो!"

रखमाजीचे गुडघे आखडलेले. तो कसला पाण्यात उतरतोय? मान खाली घालून तो घोड्यांना खरारा करत राहिला. कुमुदला ते बघवेना. ती म्हणाली, "रखमाजीकाका, मी शोधते."

किनाऱ्यावर पारूबाय नावाची कोळीण तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत होती. कुमुदने तिला सगळं सांगितलं. पारूबायने काय केलं, करवंटीला भोकं पाडून त्यात काचा बसवल्या. झाला चष्मा! मग पोकळ बोरूची लांब नळी दिली.

"हे डोळ्यांना बांध, नळी दातांत धर. नाक विसर, तोंडाने श्वास घे. पाण्यावर पालथी पड आणि खाली बघ, बाय."

पहिल्या दिवशी कुमुदने एवढे हातपाय झाडले, एवढे झाडले, की तळाची वाळू उसळून पाणी गढूळ झालं. नाकात पाणी, डोळ्यांत मीठ. घोडा काही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शहाण्यासारखी तरंगली. पिवळे मासे दिसले, निळे मासे दिसले, एक कासव तर तिच्या पोटाखालून गेलं! पण घोडा नाही. ती रडकुंडीला आली.

पारूबाय म्हणाली, "तू धावणारा घोडा शोधतेस. हा धावत नाही गं. गवताला शेपटीचा विळखा घालून उभा राहतो. तू गवत बघ."

तिसऱ्या दिवशी कुमुद पाण्याखालच्या हिरव्या गवतावर निपचित तरंगत राहिली. एक श्वास, दुसरा श्वास. कितीतरी वेळ. पाठ उन्हाने भाजली, बोटं सुरकुतली, तरी हलली नाही. मग गवताच्या एका पात्याने डोळा फिरवला!

पातं कुठलं? तोच तो! वाकवलेली मान, डोक्यावर इवलासा तुरा, गुंडाळलेली शेपटी आणि टम्म फुगलेलं पोट. कुमुदने आनंदाने आरोळी ठोकली आणि ती घोटभर खारं पाणी प्यायली.

जागा चुकू नये म्हणून पारूबायला तिथेच उभं करून ती ओल्या केसांनी धावत आली. "बाबा, सापडला!"

"मग भांड्यात घालून आण."

"नाही. तो तिथून काढला तर मरेल. तुम्ही चला."

राजा दोन पावलं मागे सरकला. खरं सांगू? त्याला पाण्याची भीती वाटत होती. सगळे बघत होते.

कुमुद हळूच म्हणाली, "मी तुमचा हात धरते, बाबा."

मग राजाने मुकुट काढला, चष्मा बांधला, नळी दातांत धरली आणि पाण्यात तोंड घातलं. घोडा तिथेच होता. राजा बघतोय तोच त्याचं पोट आकसलं आणि फुस्सकन बाहेर पडली पिल्लं! जिऱ्याएवढी, शंभर-दीडशे! प्रत्येकाला मान, प्रत्येकाला शेपटी. बापाच्याच पोटातून!

राजा उठला. मिशांतून पाणी गळतंय, आणि ओरडतोय कसा, "रखमाजी खरं बोलला! ऐका रे सगळे, रखमाजी खरं बोलला!"

तसाच निथळत तो तबेल्यात गेला आणि त्याने हात जोडले. "चुकलो, रखमाजी. आता काय देऊ तुला?"

रखमाजीचे डोळे भरून आले. "मला आणखी एकदा बघायचाय, महाराज."

मग एका बाजूने राजाने धरलं, दुसऱ्या बाजूने कुमुदने. दोघांनी म्हाताऱ्याला अलगद पाण्यावर तरंगवलं. नळीतून त्याचं हसू बुडबुड ऐकू येत होतं, आणि काठावर पाहुणे टाळ्या वाजवत होते.

त्या गवतात कुणी जाळं टाकायचं नाही, असा राजाने हुकूम काढला. पिल्लं मोठी झाली, रखमाजी मानाने राहिला, सगळे आनंदात नांदले. तुम्हीही तसेच नांदा, बाळांनो. मिटा बघू डोळे. कूस बदला. झोपा आता.