घट्ट धरलेला पारवा

“...पण अवघड विषय घेऊन ग्रेड घसरले, तर डॉक्टरकीचं दारच बंद होतं, बाबा. सोपं घेतलं तर ते उघडं राहतं. मग अवघड घ्यायचंच कशाला?”

प्रश्न वल्लरी भांडगेचा होता. अमेरिकेतल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली, सुट्टीत येवल्याला घरी आलेली.

समोर जमालशा बाबा. गावाबाहेरच्या तकियात एकटा राहणारा म्हातारा फकीर. त्यांच्या मांडीवर पारवा आणि पारव्याच्या पंखात मांजा.

येवल्यात संक्रांत तीन दिवस चालते. त्या दिवसांत गावाचं लक्ष वर, पतंगांकडे असतं. मांज्यानं कापून खाली पडलेलं पाखरू बाबांकडे येतं.

परत जाण्याआधी बाबांना विचार, असं वल्लरीच्या वडिलांनी बजावलं होतं. पैठणीच्या दुकानाचं दार कुठल्या अंगाला ठेवायचं, हेही त्यांनी बाबांना विचारूनच ठरवलेलं. वल्लरीला हसू आलं होतं. जीवशास्त्रातलं फकिराला काय कळणार? पण वडिलांचं मन मोडवेना. आणि खरं सांगायचं तर तिचं स्वतःचंही काही ठरत नव्हतं.

“तिकडं रीत काय आहे?” बाबांनी विचारलं.

“आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल कॉलेज. पदवीचा मुख्य विषय कुठलाही चालतो. तो या महिन्यात कळवायचाय.”

“कुठलाही?”

“हो. जीवशास्त्र थोडं सगळ्यांनाच लागतं. तेवढं उरकायचं आणि मुख्य विषय सोपा घ्यायचा. हुशार मुली तसंच करतात. विषय कुणी बघत नाही, ग्रेड बघतात.”

“आणि अवघड कुठला?”

“जीवशास्त्रच. पूर्ण. प्राणी, पक्षी, किडे, पेशी... प्रयोगशाळेतून बाहेर पडायला मिळत नाही. एवढं करून गेल्या सत्रात मला बी मिळाला.”

‘बी’ तिनं असा उच्चारला, की घरात कुणी गेल्याचं सांगावं. शाळेपासून पहिला नंबर न सोडलेल्या मुलीचं दुःख होतं ते. हसण्यासारखं नव्हतं. थोडं होतं.

“पाखरांची हाडं, बेडकाचं काळीज... डॉक्टरला काय करायचंय त्याचं? माणसाला कुठं पंख असतात?”

बाबा कात्री शोधत होते. ती त्यांच्याच मांडीखाली निघाली.

“मग सोपंच घे,” ते म्हणाले.

हवं ते उत्तर मिळालं होतं, तरी वल्लरीचा चेहरा उतरला.

बाबांनी तो पाहिला.

“असं कसं, बाबा? तुम्ही नीट विचारलंसुद्धा नाही...”

“विचारू. आधी हा धर. कात्री चालवायची तर दुसरं कुणी धरलेलं बरं पडतं. घट्ट धर हां. फडफडला तर पंखच कापला जाईल.”

“धरते. प्रयोगशाळेत आम्हाला सवय असते.”

तिनं पारवा दोन्ही हातांत घेतला. बाबांनी पिसं बाजूला सारली. मांजा आत रुतला होता. कात्रीचं टोक लागताच पारव्यानं जोर केला.

“घट्ट, बेटी.”

तिनं मूठ आवळली. फडफड थांबली.

“शाब्बास. शांत झाला बघ.”

...

पारव्याची चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. डोळ्यावर पांढुरकं कातडं सरकलं.

“थांबा!” वल्लरी ओरडली. तिनं छातीवरची बोटं झटकन काढली आणि पंख अंगाशी मिटून पारव्याला पाठीकडून अलगद धरलं. “शांत नाही झालेला, बाबा. गुदमरतोय तो!”

“नाक तर मोकळं आहे त्याचं.”

“नाक असू दे. छाती नाही दाबायची.”

“का?”

“आपल्या फुप्फुसांखाली पडदा असतो. तो खाली ओढला गेला की श्वास आत येतो. पाखराला तो पडदा नसतो. त्याच्या छातीचं हाड हललं तरच हवा आत-बाहेर होते. छाती धरून ठेवली, की संपलं. नाक कितीही मोकळं असो.”

हळूहळू पारव्याची छाती हलू लागली. एकदा... मग पुन्हा.

बाबांची कात्री तशीच राहिली. दूर गच्च्यांवर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि गावभर ओरडा झाला. बाबांनी मान वर केली नाही.

“किती तरी माझ्या हातातच गेले,” ते म्हणाले. “मी म्हणायचो, भेदरून गेले. जास्त भेदरला दिसला, की आणखी घट्ट धरायचो... छातीशी.”

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

“तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा.”

“नव्हतं. तुला कुणी सांगितलं?”

“आमच्या प्रोफेसरबाईंनी. असंच, बोलता बोलता.”

“परीक्षेत आलं?”

“नाही.”

“ग्रेड मिळाला?”

“त्याला कसला ग्रेड?”

“मग ध्यानात का ठेवलंस?”

वल्लरीनं हातातल्या पारव्याकडे पाहिलं.

“...आवडलं होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी जेवायचीसुद्धा विसरले होते मी.”

बोलून झाल्यावर तिला उगाच लाज वाटली.

बाबांनी मांजा कापला. वल्लरीनं पारवा टोपलीत ठेवला आणि वर फडकं टाकलं.

“उडेल?”

“ठाऊक नाही.”

ती टोपलीपाशीच बसून राहिली.

“म्हणजे अवघडच घेऊ ना, बाबा?”

“मी तर सोपं घे म्हणालो.”

“पण आत्ता तुम्हीच...”

“मी काय? मला तर आजवर पाखरू धरता येत नव्हतं.”

वल्लरी हसली नाही. तिचा आवाज चढला.

“आणि घेतलं तेच... जीव तोडून अभ्यास केला, तरी ग्रेड कमी पडले, आणि मला कुणी डॉक्टर केलंच नाही, तर? आई-वडिलांना काय सांगू? मी काय करू मग?”

हा प्रश्न खरा होता. आधीचे हुशारीचे होते.

बाबांनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं कापडी पिशवी आत आणून ठेवली. “पाण्याच्या टाकीपाशी तारेला लटकलेलं होतं पाखरू, बाबा,” म्हणाला आणि गेला. पिशवीत काहीतरी धडपडत होतं.

बाबांनी पिशवी पुढ्यात ओढली. कात्री वल्लरीच्या हातात दिली आणि आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडे धरले.

“या खेपेला मी धरतो,” ते म्हणाले. “कसं धरू... सांग.”