उतरण्याचं प्रकरण

वाचनालयात लोक पेपरापेक्षा पुस्तकांसाठी जास्त येत, इतकी जुनी ही गोष्ट. तिथे वरच्या फळीवर पक्ष्यांच्या उड्डाणावरचा एक जाडजूड ग्रंथ राहत होता. त्याला कोणी हात लावत नसे, म्हणून चिमणीने त्याच्यामागेच घरटं केलं आणि ग्रंथाला आयता विद्यार्थी मिळाला.

पिल्लाला पंख फुटले, तरी ग्रंथ त्याला सोडेना. “माझं उतरण्याचं प्रकरण कसरीने खाल्लंय. ते शिकल्याशिवाय उडायचं नाही, बाळा. आपटशील!”

“मग ते कधी शिकवणार, गुरुजी?”

“दुसरी आवृत्ती निघाली की.”

तेवढ्यात खिडकीतून आईने हाक मारली, “अरे, तुझी भावंडं कधीच गेली!”

“गुरुजी, मी पहिल्या आवृत्तीवरच भागवतो,” म्हणत पिल्लू झेपावलं. ते नीट दिसावं म्हणून ग्रंथ पुढे वाकला, आणखी वाकला आणि फळीवरून सुटला. पानं फडफडली, वर्षानुवर्षांची धूळ उडाली आणि तो धप्पकन जमिनीवर आला.

पिल्लू खिडकीच्या गजावर अलगद उतरलं होतं. “गुरुजी, तुम्ही उडालात!” ते ओरडलं.

“उडालो की रे!” ग्रंथ पालथा पडल्या पडल्याच हरखून म्हणाला. “आता ते उतरायचं कसं, तेवढं मला शिकव.”