रोज संक्रांत असलेलं घर

एक होती राणी. आजीसारखं रंगवून सांगणं मला जमायचं नाही, बरं का. ती दवाखान्यातून येईपर्यंत माझ्यावर भागवा. तर या राणीच्या पोटात एक गाव होतं. हो मृणू, पोटातच. गाव सुखी, तर राणी ठणठणीत.

गावाची एक रीत होती. घरात जे शिजेल, त्यातलं वाटीभर रोज दारात ठेवायचं. पहारेकरी वास घेत फिरायचे. वास ओळखीचा, तर पुढं जायचे. परका, तर दार फोडायचे. आणखी एक रीत होती. ज्याचा तिळगूळ हातात घेतला, त्याच्यावर हात उगारायचा नाही.

मग एकदा काय झालं, गावातलंच एक घर बिघडलं. खोल्यांवर खोल्या चढवू लागलं, शेजाऱ्यांचं पाणी ओढू लागलं. राणी वाळत चालली.

मग सोनजी पहारेकरी त्या घराच्या दारात आला. घरवाले काका ओट्यावरच उभे होते.

"अहो काका, वाटीत काय हे? कसला वास!"

"नवी भाजी आहे रे. घे, तिळगूळ घे, गोड बोल."

"आत्ता? संक्रांत कुठंय?"

"आमच्याकडे रोज संक्रांत!"

सोनजीनं घेतला. भाला आपोआप खाली आला. मग मानजी आला, त्यानंही घेतला. दोघे ओट्यावर बसून राहिले. घर वाढतच होतं. राणीला आता उठवेना.

मग वैद्यीणबाई आल्या. म्हणाल्या, "पहारेकरी भित्रे नाहीत, भिडस्त आहेत. त्यांच्या तळहातांना हे मेण लावा."

मग मेण लावून तिसरा आला, येसजी. काकांनी तिळगूळ दिला, तो घसरून मातीत पडला. हातात आलाच नाही, मग भीड कसली? पण मुलांनो, मेण लावलं की पहारेकरी भल्या माणसांचाही तिळगूळ घेत नाहीत. एखादं चांगलं दारही फुटतं, राणीला ताप चढतो. आणि काही गावांत तर मेण लावूनही ते घर...

"आजोबा, उद्या आजीला हेच मेण लावणार?"

हो गं. सलाईनमधून.

"मग येसजी दार फोडणार ना?"

फोडेल. मला वाटतं, फोडेल.

"असं नाही म्हणायचं! आजी म्हणते, 'फोडलं'!"

बरं. फोडलं. सोनजी-मानजीही मेण लावून धावले. घर पाडलं. शेजाऱ्यांना पाणी मिळालं. राणी उठून बसली आणि तिनं आधी चहा मागितला.

आता पाय पांघरुणात घ्या. डोळे मिटा. आणि हवं तर माझा हात धरून झोपा. मला बरं वाटेल.